गिंपमध्ये ब्रश उमटत नाही, खोडरबर पांढरे करतो: चुकते कोण आणि करायचे काय

प्रश्न थोडक्यात असा आहे: फोटोशॉपवर हात बसलेला, आता गिंप २.१० (फोटोशॉपसारखाच, फोटो-चित्रे सुधारायचा फुकट प्रोग्रॅम) वापरायला घेतले. ब्रश फिरवला तर काही उमटत नाही. खोडरबर फिरवला तर पारदर्शक होण्याऐवजी पांढरे होते. अक्षरे सरकवायला गेले की मागचा फोटोच सरकतो. सेव्ह केले तर जेपीजी मिळत नाही, आणि साधे वर्तुळ काढायचे टूल सापडत नाही. यात चूक माझी की सॉफ्टवेअरची?

बहुतेक सॉफ्टवेअरची. मात्र लोक जिथे बोट ठेवतात तिथली ती नाही. आयकॉन करडे आहेत, पॅनल जुनाट दिसतात, याची आठवडाभरात सवय होते. खरा त्रास वेगळाच आहे. तुमचा हुकूम गिंपने तंतोतंत पाळलेला असतो, त्यातून दिसण्यासारखे काही निघालेले नसते, आणि त्याच्या लेखी कुठे काही बिघडलेलेच नसते. म्हणून तो गप्प बसतो.

ब्रशचेच बघा. गिंपमध्ये सिलेक्शन म्हणजे नुसती हलणारी तुटक रेघ नाही. ते पूर्ण चित्राच्या मापाचे एक करडे चित्र असते: निवडलेल्या जागी पांढरे, बाकी काळे, कडा मऊ केली असेल तर मधल्या छटा. ब्रशचा प्रत्येक फटकारा या करड्या चित्राने गुणला जातो. काळ्या जागी गुणाकार शून्य येतो. म्हणजे तुम्ही रंगवले, गिंपनेही रंगवले, पण शून्य इतके. लेयर (चित्राचा एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखा एक थर) लपवलेला किंवा कुलूपबंद असेल तर त्याची वेगळी तपासणी होते, आणि खालच्या पट्टीत तसा संदेश निदान काही सेकंद चमकतो. सिलेक्शनच्या बाहेर रंगवलेत तर तेवढेही नाही.

आता यात फोटोशॉपची सवय मिसळा. चौकोनी सिलेक्शनचे टूल हातात असताना माउस जरासा घसरला आणि दोन पिक्सेलचे सिलेक्शन तयार झाले. पूर्ण चित्र पडद्यावर बसवलेले असेल तर ते दिसणारही नाही. ब्रश चालत नाही म्हणून तुम्ही सवयीने कंट्रोल+डी दाबता. फोटोशॉपमध्ये त्याने सिलेक्शन जाते, गिंपमध्ये अख्ख्या चित्राची दुसरी प्रत नव्या टॅबमध्ये उघडते, त्या दोन पिक्सेलच्या सिलेक्शनसकट. ब्रश तिथेही चालत नाही. मग कंट्रोल+टी दाबून बघता. फोटोशॉपमध्ये ते आकार बदलायचे बटण, इथे त्याने सिलेक्शनची हलती रेघ दिसायची बंद होते. सिलेक्शन तसेच राहते, फक्त आता कितीही झूम केले तरी दिसत नाही. इथवर आलेला माणूस गिंप काढून टाकतो, आणि त्याला बोल लावता येत नाही.

म्हणून ब्रश उमटत नसेल तर पुढच्या क्रमाने बघा. जे जास्त वेळा घडते ते आधी घेतले आहे.

सर्वात आधी कंट्रोल+शिफ्ट+ए. याने सिलेक्शन पूर्ण जाते. बरेचदा काम इथेच संपते. व्ह्यू मेनूत 'शो सिलेक्शन'वर खूण आहे ना, तेही एकदा पाहून घ्या.

मग लेयरच्या यादीत बघा की तुम्ही नेमके कशावर उभे आहात. लेयरला मास्क (लेयरचा कोणता भाग दिसायचा, कोणता लपायचा ते ठरवणारे करडे चित्र) लावलेला असेल तर शेजारी शेजारी दोन छोटी चित्रे दिसतात आणि त्यांतल्या चालू चित्राभोवती बारीक पांढरी कड असते. ती कड मास्कभोवती असेल तर निवडलेला लाल रंग मास्कवर करडा होऊन पडतो, आणि चित्रावर लाल उमटण्याऐवजी तेवढा भाग अर्धवट नाहीसा होतो. डाव्या छोट्या चित्रावर एक क्लिक केले की परत लेयरवर येता. मास्कभोवतीची कड हिरवी दिसली तर ऑल्ट दाबून क्लिक झाले आहे आणि चित्राऐवजी मास्कच पडद्यावर आहे. लाल दिसली तर कंट्रोल दाबून क्लिक झाले आहे, मास्क तात्पुरता बंद आहे. एक पिक्सेल जाडीच्या रेघेच्या रंगावर एवढी माहिती सोपवणे म्हणजे वापरणाऱ्याची परीक्षा घेणेच आहे.

तिसरी गोष्ट लेयरची हद्द. गिंपमधल्या प्रत्येक लेयरला स्वतःची लांबी-रुंदी असते, ती पिवळ्या-काळ्या तुटक रेघेने दाखवतात. त्या रेघेपलीकडे पिक्सेलच नाहीत, त्यामुळे तिथे काहीही उमटत नाही. चिकटवलेले चित्र, अक्षरांचा लेयर, छोट्या फोटोवरून आणलेला तुकडा, सगळीकडे हेच होते. फोटोशॉपमध्ये लेयर रंगवाल तसा वाढत जातो, म्हणून ही हद्द डोक्यातच नसते. उपाय: लेयर मेनूतले 'लेयर टू इमेज साइझ'. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत रंगवण्याच्या टूल्सना 'एक्स्पांड लेयर्स' हा पर्याय मिळाला आहे. तो चालू केला की रंगवता रंगवता लेयर पसरतो.

चौथी, टूलचे जुने पर्याय. गिंप प्रत्येक टूलची शेवटची मांडणी लक्षात ठेवतो. काल सावली गडद करायला ब्रशचा मोड 'मल्टिप्लाय' केला होता, आज त्याच ब्रशने पांढरा रंग भरायला घेतला. पांढऱ्याने गुणले की मूळ रंगच परत येतो, म्हणजे काहीच दिसणार नाही. ओपॅसिटी, म्हणजे रंगाचा दाटपणा, ३ वर राहिली असेल, ब्रशचा आकार १ पिक्सेल असेल, तरी वरवर तसेच दिसते. टूल ऑप्शन्सच्या पॅनलखाली रिसेटचे छोटे बटण आहे. ते दाबले की चालू टूल मूळ स्थितीला येते, आणि शिफ्ट धरून दाबले तर सगळी टूल्स.

हे सगळे ठीक असूनही काही होत नसेल तर दोन किरकोळ शक्यता उरतात. पडद्यावर तांबडा पडदा आल्यासारखे दिसत असेल तर शिफ्ट+क्यू दाबले जाऊन क्विक मास्क (सिलेक्शन ब्रशने रंगवून ठरवायची सोय) चालू झाला आहे, तेच पुन्हा दाबा. आणि उघडलेली फाइल जीआयएफ किंवा मोजक्या रंगांची पीएनजी असेल तर ती 'इंडेक्स्ड' मोडमध्ये येते. तिच्या ठरावीक रंगांच्या यादीत नसलेला रंग तुम्ही निवडला तरी जवळचा भलताच रंग उमटतो, आणि बरेचसे फिल्टर फिकट होऊन बंद पडतात. इमेज मेनूत मोडमध्ये जाऊन आरजीबी करा.

खोडरबराचे उत्तर छोटे आहे. जेपीजीमध्ये पारदर्शकता नसते, त्यामुळे तिच्यावरून बनलेल्या लेयरला अल्फा चॅनल, म्हणजे पारदर्शकतेची नोंद ठेवणारी जागा, नसतो. पारदर्शक करायची सोय नाही म्हणून खोडरबर तिथे मागचा रंग भरतो, आणि तो बहुतेक वेळा पांढरा असतो. लेयर मेनूत ट्रान्सपरन्सीमध्ये 'ॲड अल्फा चॅनल' करा. अल्फा नसलेल्या लेयरचे नाव यादीत ठळक अक्षरांत दिसते, एवढीच काय ती खूण गिंप देतो. ठळक म्हणजे महत्त्वाचा असे समजून लोक ती पुढे विसरूनही जातात.

चिकटवण्याचा घोळ २.१० पर्यंतच आहे. कंट्रोल+व्ही केले की यादीत 'फ्लोटिंग सिलेक्शन' नावाचा एक त्रिशंकू तयार होतो. तो धड लेयर नाही, धड सिलेक्शन नाही. तो असेपर्यंत बाकीच्या कितीतरी गोष्टी बंद असतात आणि का बंद आहेत ते कुठेही लिहिलेले नसते. खालच्या लेयरमध्ये मिसळायचा असेल तर कंट्रोल+एच. वेगळा ठेवायचा असेल तर कंट्रोल+शिफ्ट+एन, की त्याचा नीट लेयर होतो. त्याहून बरे म्हणजे मुळातच एडिट मेनूतले 'पेस्ट ॲज' आणि त्यात 'न्यू लेयर' वापरावे. ३.० मध्ये साध्या कंट्रोल+व्हीनेही सरळ नवा लेयर बनतो. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा ३.० वर जायला हरकत नाही.

अक्षरे सरकवताना फोटो का सरकतो? मूव्ह टूलचा मूळ पर्याय आहे 'पिक अ लेयर ऑर गाइड': कर्सरच्या टोकाखाली जो पिक्सेल असेल त्याचा लेयर उचलायचा. 'ठ'च्या पोटातल्या पोकळीवर क्लिक केले तर तिथे अक्षराचा पिक्सेल नाही, मागच्या फोटोचा आहे. मग फोटोच उचलला जातो. बारीक वळणाच्या फाँटमध्ये तर नेम धरूनच क्लिक करावे लागते. टूल ऑप्शन्समध्ये 'मूव्ह द ॲक्टिव्ह लेयर' निवडून ठेवा, किंवा सरकवताना शिफ्ट धरा. याच पॅनलवर वर तीन छोटी बटणे आहेत: लेयर, सिलेक्शन, पाथ. चुकून मधले दाबले गेले तर मूव्ह टूल नुसती तुटक रेघ सरकवते आणि चित्र जागचे हलत नाही. लेयर सरकत नसेल तर आधी ती तीन बटणे बघा.

सेव्ह आणि एक्स्पोर्टची फारकत २.८ मध्ये झाली, मे २०१२ मध्ये. तेव्हापासून कंट्रोल+एस फक्त एक्ससीएफ, म्हणजे गिंपची स्वतःची फाइल बनवतो. जेपीजी, पीएनजी वगैरे हवे तर कंट्रोल+शिफ्ट+ई, आणि एकदा ते करून झाले की पुढच्या वेळी त्याच नावावर नुसते कंट्रोल+ई. यामागचा विचार बरोबर आहे. जेपीजीत लेयर जात नाहीत, मास्क जात नाहीत, आणि पूर्वी लोक जेपीजी सेव्ह करून खिडकी बंद करायचे आणि दोन तासांचे लेयर गमावून बसायचे. पण ज्याला फोटो उघडून, जरा उजळ करून, त्याच नावाने ठेवायचा आहे, त्यालाही हाच वळसा पडतो, आणि तसे लोक काही थोडे नाहीत. त्यांच्यासाठी फाइल मेनूत 'ओव्हरराइट' आहे, फक्त त्याला शॉर्टकट दिलेला नाही. एडिट मेनूतल्या कीबोर्ड शॉर्टकट्समध्ये तो शब्द शोधा आणि रिकामी असलेली एखादी जोडी द्या. कंट्रोल+एस मात्र त्याला देऊ नका. एक्ससीएफवर काम करताना बोटे सवयीने तेच दाबतात.

फोटोशॉपवाल्यांनी यावर हसू नये. २०२१ मध्ये तिथेही लेयर असलेल्या फाइलच्या 'सेव्ह ॲज'मधून जेपीजी काढून 'सेव्ह अ कॉपी'त नेले. एवढी ओरड झाली की प्रेफरन्सेसच्या फाइल हँडलिंगमध्ये जुनी पद्धत परत आणायची खूण ठेवावी लागली. त्याआधी २०१८ च्या ऑक्टोबरात फ्री ट्रान्सफॉर्मचा, म्हणजे ओढून आकार बदलण्याचा, शिफ्टच उलटा केला. वर्षानुवर्षे शिफ्ट धरून प्रमाण राखणाऱ्यांचे चेहरे त्या दिवसापासून ताणले जाऊ लागले. त्यावरही 'लेगसी फ्री ट्रान्सफॉर्म'ची खूण आहे, प्रेफरन्सेसच्या जनरल पानावर.

एक्स्पोर्टच्याच खिडकीतली एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. नोकरीच्या ऑनलाइन अर्जांत फोटो २० ते ५० केबीत मागतात. जेपीजीच्या एक्स्पोर्ट खिडकीत 'फाइल साइझ' अशी ओळ आहे आणि तिच्यासमोर लिहिलेले असते 'अननोन'. क्वालिटीची पट्टी कितीही सरकवा, अननोनच. आकडा हवा असेल तर तिथलीच 'शो प्रिव्ह्यू इन इमेज विंडो' ही खूण करावी लागते. प्रिव्ह्यू दाखवायचा म्हणजे गिंपला ती फाइल प्रत्यक्ष बनवून बघावी लागते, आणि बनवल्याशिवाय वजन कळत नाही, हे कारण खरे. पण दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत हे त्या खिडकीवरून कुणाच्याही ध्यानात येणार नाही. खूण केली की पट्टी सरकवाल तसा आकडा बदलतो. क्वालिटी ६० च्या खाली नेऊनही आकडा उतरत नसेल तर क्वालिटीच्या मागे लागू नका, आधी इमेज मेनूतल्या 'स्केल इमेज'ने चित्राचे माप कमी करा. एक्झिफ, एक्सएमपी (फोटोबद्दलची लपलेली माहिती) आणि थंबनेल (छोटी प्रत) या खुणाही काढा. चिमुकल्या फाइलमध्ये त्यांचेच काही केबी जातात.

वर्तुळासाठी २.१० किंवा ३.० मध्ये वेगळे टूल नाही. इलिप्स सिलेक्ट घ्या, टूल ऑप्शन्समध्ये 'फिक्स्ड'वर खूण करून 'ॲस्पेक्ट रेशो' १:१ ठेवा, वर्तुळ ओढा. मग नवा लेयर, मग एडिट मेनूत 'स्ट्रोक सिलेक्शन', जाडी उदाहरणार्थ ६ पिक्सेल. रेघ सिलेक्शनच्या कडेवर मधोमध बसते, ३ पिक्सेल आत, ३ बाहेर. त्यामुळे बाहेरचे माप अचूक हवे असेल तर सिलेक्शन तेवढे लहान घ्या. शेवटी कंट्रोल+शिफ्ट+ए, नाहीतर पुन्हा पहिल्या परिच्छेदांत आलात.

शिफ्टने वर्तुळ नीट का येत नाही, ही तक्रारही यातलीच. माउस दाबण्याआधी शिफ्ट धरला तर त्याचा अर्थ 'आधीच्या सिलेक्शनमध्ये भर घाल'. माउस दाबून ओढायला लागल्यावर शिफ्ट धरला तर अर्थ 'प्रमाण कायम ठेव'. कंट्रोलचेही तसेच: आधी धरला तर वजाबाकी, नंतर धरला तर मध्यापासून आखणी. एकाच बटणाचे दोन अर्थ, आणि कोणता लागू होईल ते अर्ध्या सेकंदाच्या फरकावर. क्रम एकदा हातात बसला की झटपट काम होते हे मान्य, पण तो कुठे लिहिलेला दिसत नाही. सरळ रेघेचे निदान सोपे आहे: ब्रशने एका जागी क्लिक, शिफ्ट धरून दुसऱ्या जागी क्लिक. कंट्रोलही सोबत धरला तर रेघ १५ अंशांच्या टप्प्यांवर अडकते.

मराठी मजकूर टाकणाऱ्यांसाठी मात्र पारडे उलटे फिरते. गिंपमध्ये युनिकोड देवनागरी मुळातच नीट जुळते, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे जागच्या जागी येतात, कारण अक्षरजुळणी पँगो आणि हार्फबझ हे त्याच कामासाठीचे तयार प्रोग्रॅम करतात. फोटोशॉपच्या बऱ्याच जुन्या आवृत्त्यांत मूळ सेटिंगवर 'किल्ला' लिहिले की वेलांटी 'क'च्या पुढे जाऊन बसते आणि ल्ल मोडून पाय मोडलेला 'ल्' दिसतो. उपाय प्रेफरन्सेसच्या टाइप पानावर आहे: टेक्स्ट इंजिन 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' करून प्रोग्रॅम पुन्हा सुरू करायचा. आधी लिहिलेले लेयर तेवढ्याने सुधारत नाहीत, त्यांना पॅराग्राफ पॅनलच्या मेनूतून वेगळे बदलावे लागते. मध्यपूर्वेच्या नावाखाली मराठी शोधायची हे कुणाला सुचणार? फ्लेक्स-बॅनरच्या दुकानांत अजूनही श्रीलिपीसारखे युनिकोडपूर्व फाँट चालतात, त्याच्या कारणांत हेही एक आहे. अलीकडच्या आवृत्त्यांत एकच इंजिन करून ही निवड काढली आहे.

गिंपच्या मजकुरात वेगळा खड्डा आहे. अक्षरांचा आकार-फाँट दोन ठिकाणी असतो: टूल ऑप्शन्समध्ये आणि मजकुरावर तरंगणाऱ्या छोट्या पट्टीत. तरंगत्या पट्टीतून काही शब्दांना आकार दिला की त्या शब्दांपुरती तीच पट्टी वरचढ ठरते. मग टूल ऑप्शन्समध्ये आकार ४० चा ८० केला तरी ते शब्द हलत नाहीत. सगळा मजकूर निवडा, तरंगत्या पट्टीतले झाडूच्या चित्राचे, शैली पुसण्याचे बटण दाबा, आणि पुढे एकच जागा वापरा. दुसरे म्हणजे २.१० मध्ये मजकूर तिरका केला किंवा ताणला की त्याचे साधे चित्र होते. शुद्धलेखन आधी तपासा, फिरवा नंतर.

क्रॉपबद्दल एकच सावधगिरी. २.१० च्या नंतरच्या उपआवृत्त्यांत क्रॉप केले की कॅनव्हास, म्हणजे चित्राची दिसणारी चौकट, लहान होतो, कापलेला भाग लेयरमध्ये तसाच राहतो. जेपीजीत तो जात नाही, पण एक्ससीएफ कुणाला पाठवलीत तर आधार कार्डाचा कापून टाकलेला आकडा समोरच्याला हद्द वाढवून दिसू शकतो. खरेच कापायचे असेल तर टूल ऑप्शन्समध्ये 'डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स'वर खूण करा.

आता दिसण्याचे. एडिट मेनूत प्रेफरन्सेस, इंटरफेसमध्ये टूलबॉक्स, तिथली 'यूज टूल ग्रुप्स' ही खूण काढा. फेब्रुवारी २०२० च्या २.१०.१८ पासून एका आयकॉनमागे तीन-चार टूल्स दडवली जातात, ती पुन्हा सुटी होतात. आयकॉन थीम 'कलर' करा, करड्यावर करडे शोधायचा त्रास जातो. सगळे पॅनल एकदम गेले असतील तर टॅब दाबला गेला आहे, पुन्हा दाबा. एखादेच गेले असेल तर विंडोज मेनूतले 'रिसेंटली क्लोज्ड डॉक्स' बघा. आणि कोणतीही आज्ञा मेनूत सापडत नसेल तर कीबोर्डवरची तिरकी रेघ दाबा. शोधाची चौकट उघडते, इंग्रजीत नाव टाइप करा, एंटर मारा. गिंपमधली ही सर्वात कामाची सोय आहे आणि तिचा पत्ता हेल्प मेनूत ठेवला आहे.

फोटोगिंप नावाची तयार मांडणी मिळते, तिने पॅनल आणि शॉर्टकट फोटोशॉपसारखे होतात. कंट्रोल+डी, कंट्रोल+टीचा वैताग त्याने जातो, पण लेयरची हद्द, अल्फा, मास्कची कड तशीच राहते. रोज दोन्ही प्रोग्रॅम वापरावे लागत असतील तरच ती टाका. नाहीतर शॉर्टकट्समध्ये जाऊन 'सिलेक्ट नन'ला कंट्रोल+डी देणे पुरते, चित्राच्या प्रतीचा शॉर्टकट काढून टाकू का असे गिंप स्वतःच विचारतो.

एवढे करूनही काही विचित्र चालू राहिले तर गिंप बंद करून त्याच्या सेटिंगच्या फोल्डरचे नाव बदला. विंडोजवर ते यूझरच्या ॲपडेटामध्ये, रोमिंगमध्ये, गिंपमध्ये २.१० या नावाने असते. लिनक्सवर होममधल्या लपवलेल्या कॉन्फिग फोल्डरात, गिंपच्या नावाखाली. पुन्हा सुरू केले की सगळे कोरे करकरीत बनते. जुन्या फोल्डरातले ब्रश, पॅटर्न आणि स्क्रिप्ट यांचे उपफोल्डर तेवढे नव्यात आणा, टूलच्या पर्यायांच्या फाइल आणू नका, कारण बिघाड बहुधा त्यांच्यातच बसलेला असतो.